उचल, सावकार आणि गटाचे पंधरा हजार

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दरवर्षी ऊसतोडीला जातो. मुकादमाकडून तोडीआधी घेतलेली उचल मजुरीतून पुरती फिटतच नाही, बाकी पुढच्या सालात जाते. दवाखान्यासाठी सावकाराकडून शेकडा पाचनं घेतलेले १२ हजार अजून डोक्यावर आहेत. आता बचत गटातून १५ हजार मिळतायत. एवढ्याशा पैशानं काय सुटणार?
— एक वाचक, ता. वडवणी, जि. बीड

उत्तर : ताई, उचल एका सालात सुटणार नाही. सावकार मात्र याच महिन्यात सुटेल, म्हणून सुरुवात तिथूनच करा. १२ हजारांवर महिन्याला ६०० म्हणजे वर्षाला ७२०० रुपये नुसतं व्याज, आणि मुद्दल जागच्या जागी. गटात बहुतेक ठिकाणी शेकडा दोन घेतात. मुद्दल फिटेल तसं तेही उतरतं, शिवाय ते गटाच्याच पेटीत पडतं, त्यात तुमचाही वाटा असतो.

पाटोदा तालुक्यात मी बरीच वर्षं गटांचं काम केलं. एका बाईनं शेळ्यांसाठी कर्ज मागितलं, तर बायकांनी पहिलं विचारलं, "तू कोयत्यावर, ऊसतोडीला गेल्यावर शेळ्या राखणार कोण?" सासूला बैठकीत बोलावलं, तिच्या तोंडून हो म्हणवून घेतलं, मगच पैसे दिले. पुढच्या पावसाळ्यात घरात दाणा नव्हता तेव्हा तिनं दोन बोकड विकले आणि त्या साली उचल कमी घेतली. त्या विचारपुशीचं मोल मला पैशापेक्षा जास्त वाटतं. सावकार असं कधी विचारत नाही.

१९७६ साली बांगलादेशातल्या जोब्रा गावात अर्थशास्त्राचे प्राध्यापक मोहम्मद युनूस यांना उचलीसारखीच गाठ दिसली. बांबूला पैसे देणारा व्यापारीच विणलेले मोढे, म्हणजे बसायची स्टुलं, स्वतःच्या भावानं घेई. युनूस यांनी ४२ जणांना मिळून ८५६ टका दिले, आणि तेवढ्यावर त्यांचं देणं फिटलं. उचलीतही आगाऊ पैसा देणाऱ्याच्याच हाती तुमची मजुरी जाते. आपल्याकडं नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या बँकेनं १९९२ पासून गट बँकांना जोडले, म्हणून आज गटाला जमीन गहाण न ठेवता कर्ज मिळतं.

दारात येणाऱ्या फायनान्सवाल्यांपासून मात्र जपा. त्यांचा हप्ता आठवड्याचा नाहीतर महिन्याचा, तुमचा पैसा हंगामाचा. एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याचं कर्ज काढणाऱ्या बाया मी पाहिल्यात, फार हाल होतात. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे.

तर १२ हजार सावकाराला द्या आणि सही केलेला कागद त्याच पावली परत घ्या. त्याच्याकडं परवाना नसेल आणि तो अडवू लागला, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडं तक्रार करा, गटातल्या चार जणी सोबत न्या. उरलेले तीन हजार दवाखान्यासाठी राखा. तोडीवर असताना हप्ता कसा भरायचा ते बैठकीतच ठरवून वहीत लिहून घ्या. आणि यंदा मुकादमाकडून उचलीची रक्कम, मागची बाकी, कामावर न गेलेल्या दिवसाचा प्रत्येक खाडा कागदावर मागा.