डेक्स्ड या सॉफ्टवेअर सिंथमध्ये एफएम (एका लहरीने दुसरीची वारंवारता हलवून आवाज घडवणं) कुठून शिकावं? काहीही फिरवलं की आवाज कर्कश होतो

तयार पॅचमधले (जतन केलेल्या आवाजातले) सहाही ऑपरेटर, म्हणजे लहर निर्माण करणारे घटक, एकदम छेडू नका, घोळ तिथेच होतो. 'इनिट' दाबून कोरा पॅच घ्या, अल्गोरिदम (ऑपरेटरांची जोडणी) 1 ठेवा, ऑपरेटर 1 चा नुसता साइन, म्हणजे साधा शुद्ध स्वर, ऐकू येईल. मग ऑपरेटर 1 ला हलवणाऱ्या ऑपरेटर 2 ची आउटपुट लेव्हल शून्यापासून चढवा. दर 8 अंकांना मॉड्युलेशन (हे हलवणं) साधारण दुप्पट होतं, म्हणून 50 पर्यंत फारसं जाणवत नाही आणि 85 च्या पुढे आवाज फाटू लागतो. ऑपरेटर 2 चा रेशो (वाजवलेल्या स्वराच्या किती पट वारंवारता) 1 असेल तर भरीव, ब्रासकडे झुकणारा आवाज, 2 ला क्लॅरिनेटसारखा पोकळ, 3.5 ला घंटा (ढोबळ नॉब कोर्स 2, बारीक नॉब फाइन 75).

खरी जादू ऑपरेटर 2 च्या एन्व्हलपमध्ये, म्हणजे वेळेनुसार त्याचा जोर बदलणाऱ्या भागात आहे. त्यातल्या लेव्हल 2 आणि 3 शून्य, रेट 2 (लेव्हल 2 पर्यंत जाण्याचा वेग) सुमारे 45 ठेवून पाहा: स्वर लखलखीत सुरू होऊन मऊ होत जातो. फीडबॅक (ऑपरेटरने स्वतःलाच हलवणं) तूर्त शून्यच असू द्या.