शेवट आधीच माहीत असताना नाताळच्या प्रेमकथा वाचण्यात काय मजा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बर्फ, दिवे आणि एका घरात अडकलेले दोघं, अशा छापाच्या गोष्टी लोक दर डिसेंबरात का वाचतात? पहिल्या दहा पानांतच तर कळतं की यांचं जमणार.

मी त्या लोकांतलीच एक. कोथरूडला राहते, पन्नाशीला आलेय आणि नाताळ ते १ जानेवारी एवढी रजा दरवर्षी जपून ठेवते. घरचे विचारतात, कुठे जाणार? कुठेही नाही. गॅलरीत.

या गोष्टींत बर्फ नुसता शोभेला नसतो. रस्ता बंद, गाडी बंद, म्हणून एरवी पाच मिनिटं धड न बोलणारी दोन माणसं चार दिवस एका छपराखाली येतात. आपल्याकडे हे काम पावसाकडे आहे. पण आपला पाऊस तासाभरात उघडतो, आडोशाचं प्रेम घाईघाईत उरकावं लागतं. बर्फ हलत नाही. त्यामुळे भांडायला, रुसायला, करपलेलं काहीतरी निमूट खायला भरपूर वेळ मिळतो, आणि मला आवडतो तो हा वेळ. शेवटची मिठी मी पुष्कळदा भरभर उरकते.

थंडीतल्या प्रेमाच्या गोष्टी मराठीत त्या मानाने कमीच. 'गुलाबी थंडी' असते, पण ती जास्त करून बातमीच्या मथळ्यात. डिसेंबरात आपण हुरडा खातो, डिंकाचे लाडू वळतो आणि कानटोपी शोधतो. यामागे सूर्याचाही हात असावा, असं मला वाटतं. नाताळच्या आठवड्यात लंडनला दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो, दिवस जेमतेम आठ तासांचा. शेकोटीपाशी बसून गोष्ट ऐकण्यावाचून माणूस करणार काय? पुण्यात सहापर्यंत ऊन असतं.

सुट्टी आणि गोष्ट यांची जोडी मात्र आपल्याला नवीन नाही. डिकन्सची प्रसिद्ध नाताळकथा १९ डिसेंबर १८४३ ला बाजारात आली आणि पहिल्या ६,००० प्रती नाताळच्या आधीच संपल्या. (ती प्रेमकथा नव्हे, पण नाताळला पुस्तक घ्यायची चटक वाढवण्यात तिचा वाटा मोठा.) आपल्याकडे का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक लागतोच. मी दिवाळीत अंक वाचते आणि नाताळात बर्फ. मैत्रीण म्हणते, तुझी वाचनाची पथ्यं डॉक्टरने लिहून दिल्यासारखी आहेत.

वाचण्याची वेळही ठरलेली. साडेनऊला गॅलरीच्या कठड्यावरून ऊन आत येतं. खुर्ची भिंतीकडे वळवायची, ऊन पाठीवर, शाल पायांवर, पुस्तक आपल्याच सावलीत. शेजारी चहा आणि कॅम्पातून आणलेली श्रूजबेरी. चुरा पानांच्या बेचक्यात पडतो तो पडतो. साडेबाराला शाल जाते, स्वेटर जातो, मान तापायला लागते, आणि पुस्तकात मात्र गुडघाभर बर्फात ती दोघं अजून दार ढकलतायत. बाहेर भाजीवाला मटार-गाजर ओरडतोय. हा विरोधाभास मला तिथे खऱ्या थंडीत बसून मिळाला असता असं वाटत नाही.

आता तुमचा मुख्य मुद्दा, शेवटाचा. काही वर्षांपूर्वी पेठेतल्या एका वाचनालयातून असंच जुनं, बाइंडिंग सुटलेलं पुस्तक आणलं होतं. ३१ तारखेच्या रात्री, गल्लीत फटाके वाजत असताना शेवटाला आले तर पुढची पानंच नाहीत. शेवट मला माहीत होता हो! तरी झोप येईना. ती स्टेशनवर पोचली का? आधी कोण बोललं? त्याने ते लाल मोजे घातले होते का? (मोज्यांवरून चाळीस पानं भांडण झालं होतं.) शेवट माहीत असणं वेगळं आणि तिथवर चालत जाणं वेगळं, हे मला त्या रात्री कळलं.

दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन गेले. काउंटरवरच्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, प्रेमकथा ना? लग्न झालं असेल."

"ते ठाऊक आहे. पानं कुठायत?"

त्यांनी पुस्तक उलटं करून मागचं कव्हर उघडलं. आतल्या बाजूला कुणीतरी, माझ्या कितीतरी आधी, शिसपेन्सिलीने सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'शेवटची बारा पाने नाहीत. काळजी नसावी, जमते. मोजे घातले आहेत.'