कातडी लावायची की फ्लॅप? वाचकांचे प्रश्न, प्लास्टिक सर्जनची उत्तरं

प्रश्न: डॉक्टर, आमच्या मिस्टरांची बाईक हायवेला उसाच्या ट्रॉलीवर आदळली. नडगी मोडली, बाहेरून रॉड बसवलेत, पण घोट्याच्या वर चार बोटं जागेत कातडीच उरली नाही, पांढरं हाड दिसतंय. शेजारच्या मामांचा हात भाजला होता तेव्हा मांडीची पातळ कातडी काढून लावली आणि थोड्याच दिवसांत ते घरी आले. आम्हाला मात्र बेळगावात सांगायलेत की मांडीचा जाड तुकडा रक्तवाहिनीसकट काढून मायक्रोस्कोपखाली जोडायचा, सात-आठ तास लागतील. पावणे म्हणतात बिल वाढवायला सांगायलेत. काय करू? (निपाणीहून एक ताई)

उत्तर: ताई, पावण्यांच्या बोलण्यावर थांबू नका, तुम्हाला जे सांगितलंय ते मला पटतंय. मामांची जखम आणि मिस्टरांची जखम वरून सारखी वाटली तरी तळाशी काय आहे ते बघा, सगळा निर्णय तिथंच होतो.

मांडीची जी पातळ कातडी काढतात, म्हणजे ग्राफ्ट, ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असते आणि तिचा स्वतःचा रक्तपुरवठा काढतानाच तुटलेला असतो. पहिले एक-दोन दिवस ती खालच्या जखमेतून झिरपणाऱ्या पाण्यावर जगते, मग खालून बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात आणि पाचव्या दिवसाच्या आसपास ड्रेसिंग उघडलं की गुलाबी दिसली तर समजायचं धरली. मामांच्या हाताला खाली लाल, जिवंत मांस होतं म्हणून धरली. उघड्या हाडावर, त्याचं वरचं पातळ आवरणही निघून गेलेलं असेल तर, खालून रक्त येणार कुठून? कातळावर भाताचं रोप लावल्यासारखं होतंय ते, दोन दिवस हिरवं दिसेल आणि वाळून जाईल. टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, उघडं पडलं असेल तर तिथंही हीच गोष्ट.

म्हणून फ्लॅप, म्हणजे कातडी, तिच्याखालची चरबी, कधी मांसही, आपल्या रक्तवाहिनीसकट आणायचं. गुडघ्याजवळची जखम असती तर पोटरीचा स्नायू वळवून झाकता आला असता, नडगीच्या मधल्या भागाला त्याच्या आतला दुसरा स्नायू पोचतो, पण घोट्याजवळ नुसती हाडं आणि टेंडनं, वळवायला मांसच नाही. तिथं लांबून आणून जोडावं लागतं. पोटरीच्या मागची कातडी उलटी फिरवून खाली आणायचाही एक मार्ग आहे, त्यात शिरा जोडाव्या लागत नाहीत, वेळ कमी लागतो, पण अपघातात त्याच भागाला मार बसलेला असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर टोक काळं पडायची भीती असते. डॉक्टरांना सरळ विचारा, "हा मार्ग आमच्या पेशंटला का चालत नाही?" चांगला सर्जन पाय दाखवून समजावेल, राग मानणार नाही.

उशीर मात्र करू नका. हाड जितके दिवस उघडं तितकं आत इन्फेक्शन जायचं भय, शक्यतो पहिल्या आठवड्यातच झाकलेलं बरं. मशीन लावून जखमेतलं पाणी ओढून घेणारं जे व्हॅक ड्रेसिंग करतात ते मधले दिवस सांभाळायला असतं, आता भरत आलीय म्हणून ऑपरेशन पुढं ढकलू नका.

आणि एक, तुम्ही निपाणीचे म्हणून कळकळीनं सांगते. मिस्टर तंबाखू मळत असतील, बिडी ओढत असतील तर आजपासून बंद, आणि ऑपरेशननंतर निदान महिनाभर तरी बंदच. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि एवढ्या मेहनतीनं जोडलेला फ्लॅप त्यामुळं जाऊ शकतो. भेटायला येणाऱ्या मित्रांच्या खिशातल्या पुड्यांवर तुम्हीच लक्ष ठेवा. पहिले दोन-तीन दिवस सिस्टर रात्रीसुद्धा दर तासाला येऊन फ्लॅपवर बोट दाबून बघतील, दाबलं की पांढरा आणि सोडलं की दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला पाहिजे. तो थंड, फिक्कट पडला किंवा निळसर-जांभळा झाला तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका, तिथल्या तिथं सांगा. वेळेत कळलं तर पुन्हा थिएटरात नेऊन वाचवता येतो.

प्रश्न: आईच्या नाकाच्या शेंड्यावर न भरणारी जखम होती, बायोप्सीत बेसल सेल नावाचा कातडीचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणतात आधी काढू, रिपोर्ट येईपर्यंत ड्रेसिंग, मग कपाळाची कातडी फिरवून नाक करू. मांडीची लावून एकदाच का नाही होत? (खानापूर)

उत्तर: काढलेल्या तुकड्याच्या कडा साफ आहेत, म्हणजे कडेला कॅन्सर नाही, असा रिपोर्ट आल्याशिवाय वर फ्लॅप बसवला आणि कॅन्सर खाली राहिला तर तो झाकला जातो, म्हणून हे थांबणं बरोबर आहे. मांडीची पातळ कातडी नाकावर वेगळ्या रंगाची दिसते, आकसते आणि शेंडा ओढून धरते. जखम उथळ आणि लहान असती तर कानामागची पूर्ण जाडीची कातडी चालली असती. कपाळाचा रंग आणि पोत नाकाशी जुळतो, आणि ही पद्धत आपल्याकडचीच. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याचं नाक पुण्याकडं असंच कपाळाच्या कातडीनं केलं होतं, ती हकिकत 1794 मध्ये लंडनला छापून आली आणि तिकडचे सर्जन हे शिकले.

साधारण तीन आठवडे कपाळापासून नाकापर्यंत कातडीचा पूल दिसेल, त्यातूनच रक्त जातं, मग तो कापतात. तोवर आईला चष्मा त्यावर टेकू द्यायचा नाही, आणि थंडी असली तरी कपाळाला मफलर किंवा पदर घट्ट आवळायचा नाही.