पडदे निवडण्यापलीकडचं काम

प्रश्न : ताई, मुलगी बारावी झाली. तिला फर्निचर डिझाइन शिकायचंय. घरचे म्हणतात, पडदे निवडायला कॉलेज कशाला? काय उत्तर देऊ?
– एक आई, लालबाग

उत्तर : असलंच बोलणं १९२७ साली पॅरिसमध्ये शार्लोट पेरियाँ या तरुण फर्निचर डिझायनरनं ऐकलं होतं. ती नामवंत वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिएंकडे काम मागायला गेली, तर ‘आम्ही इथे उशांवर भरतकाम करत नाही’ म्हणून त्यांनी तिला परत पाठवलं. पुढे प्रदर्शनातलं तिचं काम पाहून त्यांनीच तिला बोलावून घेतलं.

मला मात्र जास्त जवळची त्याच काळातली दुसरी डिझायनर, आयलीन ग्रे. तिचं स्टीलच्या नळीचं टेबल उंचीला कमीजास्त होतं, पाया पलंगाखाली सरकतो आणि वरची काच बरोबर मांडीवर येते. गिरगावच्या चाळीतल्या खोलीत सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा याच तत्त्वावर मी प्लायचं टेबल करून घेतलं. मिस्त्री म्हणाले, “बाई, एका बाजूला पायच नाही, कलंडेल.” खालची पट्टी लांब आणि जड ठेवली. नाही कलंडलं. सासूबाई त्यावरच तांदूळ निवडायच्या.

मुलीला आज टेप द्या. तुमचा ओटा तुमच्या कोपरापेक्षा साधारण चार इंच खाली आहे का, मोजू दे. नसेल तर तुमची पाठ का दुखते, ते तीच घरच्यांना सांगेल. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चौकशी करा, आणि सुट्टीत तिला एखाद्या सुताराकडे रंधा धरायला पाठवाच.