आरओचं वाया जाणारं पाणी

प्रश्न: आमच्याकडे बोअरचं पाणी, आरओच्या नळीतून रोज बादल्याच्या बादल्या सिंकमध्ये जातात, जीव तुटतो हो. कुंड्यांना घातलं तर चालेल का? (एक वाचक, लातूर)

उत्तर: रोज नको. मेम्ब्रेननं (आरओतल्या गाळणाऱ्या बारीक पडद्यानं) अडवलेले क्षार त्याच पाण्यात येतात ना, म्हणजे बोअरचा टीडीएस (एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) 800 असेल आणि चार लिटरला एक लिटर शुद्ध मिळत असेल तर वाया जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस हजाराच्या वरच जातो. मातीवर पांढरी खपली धरली की झाडाला ते सोसत नाहीये समजा. फरशी, संडास, खरकटी भांडी विसळायला बिनधास्त वापरा, कूलरमध्ये मात्र अजिबात नको, जाळ्या क्षारानं गच्च होतात. नळाला पालिकेचं पाणी येत असेल तर आधी टीडीएस मोजा, 500च्या आत असला तर आरओ बहुतेकदा लागतच नाही.