टपरीवर बोलतात, मीटिंगमध्ये गप्प

प्रश्न : नमस्कार ताई, मी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर टीमचा वर्षभर स्क्रम मास्टर आहे, म्हणजे टीमच्या मीटिंगा आणि कामाची पद्धत सांभाळतो. टीम नऊ जणांची. दर दोन आठवड्यांनी स्प्रिंट (कामाचा एक टप्पा) संपला की रेट्रो घेतो, म्हणजे झालेल्या कामाकडे मागे वळून बघायची मीटिंग. ‘काय चांगलं झालं, काय सुधारायला हवं?’ असं विचारलं की सगळे लॅपटॉपमध्ये डोकं घालतात. शेवटी कुणीतरी ‘कम्युनिकेशन सुधारायला हवं’ म्हणतं, मी ते लिहून घेतो आणि मीटिंग संपते. दहा मिनिटांनी तीच मंडळी खाली टपरीवर कटिंग घेत अर्धा तास तावातावाने बोलतात. मॅनेजर रेट्रोला असतात, पण कधी कुणावर चिडत नाहीत. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमच्यासमोर टपरीवर बोलतात, हीच मोठी गोष्ट आहे. बऱ्याच स्क्रम मास्टरांना येताना बघून तिथला विषय क्रिकेटवर जातो.

मॅनेजर चिडत नसतील, पण वर्षअखेरीचं अप्रेझल तेच लिहितात ना? २००९ साली मी एक रेट्रो घेतली होती. दोन वर्षांचा अनुभव असलेला एक मुलगा सरळ म्हणाला, “मागच्या शुक्रवारी आपण टेस्टिंग न करताच सॉफ्टवेअरचा बिल्ड पाठवला, कारण क्लायंटला आधीच हो म्हणून झालं होतं.” सगळे हसले, मॅनेजरही हसले. मी ते पिवळ्या चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवलं आणि स्वतःवर खूश झाले. चार महिन्यांनी त्याने मला त्याच्या अप्रेझलमधली एक ओळ दाखवली : ‘दबावाखाली काम करण्याची क्षमता कमी.’ मला एका शब्दाने बोलला नाही. त्यानंतर त्या टीमच्या भिंतीवर फक्त ‘सगळं छान’च्या चिठ्ठ्या यायला लागल्या आणि टीम सुधारली असं मी कितीतरी दिवस समजत राहिले.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगल्या टीमच्या नोंदीत चुका जास्त होत्या, कारण तिथले लोक त्या लपवत नव्हते. तेव्हा तक्रारच नसलेली रेट्रो बघून मला आता धडकी भरते.

म्हणून आधी मॅनेजरांशी एकटं बोला. “सर, तुम्ही येऊ नका” असं म्हणू नका, ते कुणालाही लागेल. म्हणा, “सर, दर रेट्रोनंतर मी तुमच्याकडे एकच मागणी घेऊन येईन. कोण काय म्हणालं ते सांगणार नाही, पण तुमच्या हातात असलेलं एक काम नक्की आणेन.” बहुतेकांना हा सौदा पटतो, त्यांचाही तास वाचतो. अगदीच नाही म्हणाले, तर शेवटच्या दहा मिनिटांना बोलवा.

दुसरं, तुमचा प्रश्न फार मोठा आहे. आजोबांना ‘तब्येत कशी आहे’ विचारलं की ते ‘बरी’ म्हणतात. ‘काल रात्री कितीदा उठलात?’ विचारलं की सगळं बाहेर येतं. जिराचा, म्हणजे टीमची कामं कुठवर आली ते दाखवणारा बोर्ड उघडा, एका तिकिटावर (एका कामावर) बोट ठेवा आणि विचारा, “हे सोमवारी टेस्टिंगला गेलं, गुरुवारपर्यंत तिथेच होतं. मधले तीन दिवस काय चाललं होतं?” मग पाच मिनिटं सगळ्यांना मुकाट्याने लिहू द्या. नंतर दोघादोघांत बोलू द्या, मग चौघांत, आणि शेवटी सगळ्यांसमोर. (नऊ जण आहात, एक जोडी तिघांची होईल.) यात जादू काही नाही. ‘मला वाटतं’चं ‘आम्हा दोघांना वाटतं’ झालं की बोलणाऱ्याच्या पाठीशी माणूस उभा असतो.

प्रश्न विचारल्यावर मात्र स्वतः गप्प बसा. आपल्याकडे चारचौघांत शांतता पसरली की कुणीतरी ‘चहा टाकू का?’ म्हणतंच, तशी आपल्या तोंडालाही खाज सुटते. मी पाण्याची बाटली तोंडाला लावते आणि मनात वीसपर्यंत मोजते. पंधरा-सोळाच्या आसपास कुणीतरी बोलतं.

आणि ‘कम्युनिकेशन’ लिहून घेणं आजपासून बंद. ‘टेस्ट सर्व्हरचा पासवर्ड एकाकडेच आहे, तो बुधवारपर्यंत तिघांकडे हवा’ हे काम झालं. असं एकच निवडा, नाव आणि वार लिहा. पुढच्या रेट्रोची पहिली दोन मिनिटं त्याचं काय झालं यावर घालवा. मागच्या वेळचं बोलणं वाया गेलं नाही हे दिसलं, तर टपरीवरचं थोडं थोडं वर यायला लागेल. दोन-तीन स्प्रिंट जातील, घाई करू नका.

प्रश्न : मी टेस्टर आहे, नाशिकहून घरून काम करते. प्लॅनिंग पोकरमध्ये, म्हणजे एखादं काम किती मोठं आहे याचा अंदाज पत्त्यांवरच्या आकड्यांनी सांगताना, मी ८ दाखवले, बाकी सगळ्यांनी ३. आमचे सीनियर सर म्हणाले, “आठ कशाला गं?” सगळे हसले. मी ३ केले. मग अख्खा स्प्रिंट त्या एका स्टोरीत (कामात) गेला. पुढच्या वेळी काय करू?

उत्तर : आकडा बदलू नका, एवढंच आधी. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ साली हा खेळ मांडला. पत्ते झाकून एकदम उघडायचे ते याचसाठी, की सरांचा आकडा बघून कुणी आपला बदलू नये. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा लावणाऱ्यांनी आपापलं कारण सांगायचं, खरं काम तिथे होतं. म्हणून ‘आठ कशाला’ हा प्रश्न बरोबरच आहे. (‘गं’ जास्त बोचला असणार. त्यावर वेगळं पत्र लिहा, मला बरंच बोलायचं आहे.) शांतपणे उत्तर द्या : “जुना डेटा तपासावा लागेल, रिफंडचा रस्ता वेगळा आहे, आणि टेस्टिंगसाठी खाती तयार नाहीत.” मग विचारा, “सर, तीनमध्ये काय काय धरलंय?” हा उद्धटपणा नाही, खेळाचा नियम आहे. मागच्या स्टोरीची आठवण मात्र काढू नका. ती सगळ्यांना आहे.

प्रश्न : क्लायंट न्यूयॉर्कचा. स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, रात्री, तीही पाऊण तास. मुलांना झोपवायची वेळ तीच. काही उपाय?

उत्तर : हा स्टँडअप नाही, क्लायंटला दिलेला हजेरीपट आहे. स्क्रम गाईड या नियमपुस्तिकेप्रमाणे डेली स्क्रम (म्हणजे हाच स्टँडअप) डेव्हलपरांसाठी असतो, आणि पंधरा मिनिटांचा. ‘काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय’ हे तीन प्रश्नही २०२० च्या आवृत्तीतून गेले. तुमच्या इथल्या टीमचा स्टँडअप सकाळी अकराला आपसात घ्या, क्लायंटला चार ओळी लिहून पाठवा, आणि रात्रीचा कॉल आठवड्यातून दोनदाच ठेवा, असं महिनाभर करून बघायला मागा. ‘महिनाभर’ म्हटलं की लोक लवकर हो म्हणतात.

एक लक्षात ठेवा. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेसात, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की साडेआठ. हे बोलणं ऑक्टोबरातच उरका. दिवाळीच्या सुट्ट्याही त्याच सुमारास कळवायच्या असतात, दोन्ही एकाच मेलमध्ये टाका.