संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीची ‘पूर्वसूचना’ पद्धत खरंच हिंसाचार रोखते का? छोट्या संघटनेने तिथे जाण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे. पण माणसं मरायची वाट पाहून गेलात तर नाही. हेच वाक्य मी एका मानवाधिकार संस्थेच्या बैठकीत बोलले होते आणि तेव्हा कुणालाच पटलं नव्हतं, म्हणून उत्तर जरा लांबेल.

त्या संस्थेत माझ्याकडे ठिकठिकाणच्या सहकाऱ्यांची टिपणं लावून ठेवायचं काम होतं. देशाचं नाव लिहीत नाही, कारण टिपणं पाठवणारे काही जण आजही तिथेच राहतात. एका हिवाळ्यात टिपणांचा सूर बदलला. एका अल्पसंख्य जमातीला जिल्ह्याबाहेर जायला वेगळा परवाना सक्तीचा झाला. निवडून आलेला एक पुढारी भर सभेत त्यांना ‘कीड’ म्हणाला. मारहाण झाली तरी ठाण्यात तक्रार लिहून घेईनात. मग एका सहकाऱ्याने कळवलं की त्यांच्या वस्तीत कुणीतरी घराघरांची यादी करत फिरतंय आणि कशासाठी ते सांगत नाही. ते टिपण वाचून मी त्याच रात्री समितीला पाठवायचा मसुदा लिहायला बसले.

समितीने 1993 साली ही पद्धत सुरू केली आणि 2007 मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने लिहिली. कोणती लक्षणं दिसली की दखल घ्यायची हे त्यात सांगितलंय: वाढत जाणारा वांशिक द्वेष, त्यातही पदावरच्या माणसांची चिथावणी; भेदभाव करणारे नवे कायदे; गुन्हेगारांना मोकळं सोडण्याचं धोरण; लोकांचं मोठ्या संख्येने स्थलांतर; मूळनिवासींच्या जमिनींवरचं अतिक्रमण. आमच्या टिपणांत यातली निम्मी लक्षणं होती. मसुदा वरिष्ठांकडे गेला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “मृत किती?” एकही नव्हता. “मग घाई कसली? पक्की आकडेवारी येऊ दे.”

आकडेवारी आली. वस्ती जळाली, लोक मिळेल त्या वाटेने सरहद्दीकडे निघाले, आणि त्याच वरिष्ठांनी माझ्याकडून मृतांचे तक्ते तपासून घेतले. तो अहवाल खूप गाजला. नंतरच्या बैठकीत मी जुन्या मसुद्याचा विषय काढला तेव्हा उत्तर मिळालं, “एका पत्राने काय थांबलं असतं?”

या प्रश्नाला तिथे मला नीट बोलू दिलं नाही, म्हणून इथे बोलते.

रवांडा घ्या. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे पाहणी करून अहवाल देणारे स्वतंत्र तज्ज्ञ, बाक्रे वाली न्दियाये एप्रिल 1993 मध्ये तिथे जाऊन आले. तिथल्या तुत्सी या अल्पसंख्य जमातीच्या हत्यांना वंशसंहार म्हणावं लागेल का, हा प्रश्न त्यांनी त्याच वर्षीच्या ऑगस्टमधल्या अहवालात उघडपणे मांडला. जानेवारी 1994 मध्ये शांतिसेनेचे प्रमुख रोमेओ दालेर यांनी शस्त्रसाठे आणि तुत्सींच्या याद्यांबद्दल न्यूयॉर्कला कळवलं. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली आणि त्याच महिन्याच्या 21 तारखेला सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना 270 जणांवर आणायचा ठराव केला. सुमारे आठ लाख माणसं गेली. लोक यावरून म्हणतात की पूर्वसूचना निरुपयोगी असते. मला यातून एवढंच दिसतं की सूचना अचूक होती आणि ती ज्यांच्या हातात पडली ते हलले नाहीत. सूचना देणाऱ्याला यात दोष देता येत नाही.

ऐकलं गेलं तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. 1993 सालीच एस्टोनियात परकीयांविषयीच्या नव्या कायद्यावरून रशियन भाषक खवळले. नार्वा आणि सिलामाए या शहरांनी स्वायत्ततेसाठी सार्वमत जाहीर केलं. युरोपातल्या सुरक्षा संघटनेचे अल्पसंख्याकांसाठीचे उच्चायुक्त माक्स फान डर स्टूल मध्ये पडले. सार्वमत बळाने रोखणार नाही असा शब्द त्यांनी सरकारकडून घेतला आणि न्यायालयाचा निकाल मानू असा शब्द शहरांकडून. अध्यक्षांनी कायदा परत पाठवला आणि तो बदलला गेला. रक्त सांडलं नाही, म्हणूनच हे फारसं कुणाला आठवत नाही. जे घडलंच नाही त्याचा अहवाल गाजत नाही, आणि आमच्यासारख्या संस्थांना गाजणारे अहवाल हवे असतात. हे मी जबाबदारीने लिहितेय.

आता तुमचा प्रश्न. अर्ज कुणीही पाठवू शकतं, मात्र त्या देशाने 1965 चा वंशभेदविरोधी करार स्वीकारलेला हवा. वैयक्तिक तक्रारीसाठी आधी देशातली न्यायालयं पालथी घालावी लागतात, इथे ती अट नाही. समिती अठरा तज्ज्ञांची आहे, तिचा एक छोटा कार्यगट अशा अर्जांची छाननी करतो. त्यातून सरकारला खुलासा मागणारं पत्र जातं किंवा जाहीर निर्णय होतो; फारच गंभीर असेल तर सरचिटणीसांमार्फत प्रकरण सुरक्षा परिषदेपुढे नेण्याची सोय आहे. सक्ती मात्र करता येत नाही. अमेरिकेतल्या वेस्टर्न शोशोनी या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवरची कामं थांबवायला समितीने 2006 मध्ये अमेरिकेला सांगितलं, तरी अमेरिकेने जमिनीवरचा दावा सोडला नाही. पण त्या लोकांच्या हातात एक आंतरराष्ट्रीय निर्णय आला, आणि तो पुढच्या प्रत्येक ठिकाणी दाखवता येतो.

अर्जात शवांची संख्या शोधू नका. कायद्याची प्रत जोडा, भाषणाची तारीख आणि वक्त्याचं पद लिहा, नाकारलेल्या तक्रारी क्रमाने लावा, पाच-सहा पानांत संपवा. समितीच्या बैठकीच्या बरंच आधी पाठवा. तुमच्या वरची एखादी मोठी संस्था ‘अजून थांबा’ म्हणाली तर तिच्या सहीवाचून पाठवा. समिती कुणाची शिफारस मागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: समितीची सरकारांना गेलेली पत्रं जाहीर होतात. माहिती देणाऱ्यांची नावं, गावं, ओळख पटेल असा कुठलाही तपशील त्यांना विचारल्याशिवाय अर्जात घालू नका. त्यांनी नको म्हटलं तर तेवढा भाग गाळा आणि उरलेला पाठवा.